न उडालेल्या तीन गोळ्या

आमच्या आयर्लंडमधल्या, स्वोर्ड्सच्या घरात सकाळी तीन आवाज असायचे. पहिला आईच्या लाटण्याचा, दुसरा डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचा आणि तिसरा बाबांच्या पिस्तुलाचा. तो तिसरा आवाज फक्त 'टक्' असा यायचा. बाबा रोज ऑफिसला जाण्याआधी रिकामं पिस्तूल हातात धरून, भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम लावून पन्नास वेळा चाप ओढायचे. आई तोवर पोळ्यांचा पहिला डबा भरत आलेली असायची. आजूबाजूच्या आयटीतल्या सडाफटिंग मुलांना ती डबे द्यायची, आणि लाटणं आणि टक्, लाटणं आणि टक्, अशा तालावर मी कॉर्नफ्लेक्स खायचे. अकरा वर्षांची असताना पुण्याहून आले तेव्हा मला हे सगळं विचित्र वाटलं होतं. एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्याची इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी टक् ऐकू आलं नाही तर बाबा आजारी आहेत असं समजायचं.

त्या पिस्तुलाबद्दल आधी सांगायला हवं. बाबा त्या देशात आमच्या बरेच आधी आले होते. तेव्हा तसल्या पिस्तुलाचा परवाना मिळायचा. पुढे नवे परवाने बंद झाले. ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांनाच ते ठेवता आलं. त्यामुळे बाबांना त्याचं किती अप्रूप होतं म्हणून सांगू! ऑफिसात त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन पोरं त्यांची साहेब होऊन बसली होती. घरी ते त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, पण शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर गेले की त्यांची पाठ सरळ व्हायची. तिथे त्यांना लोक नावाने ओळखत, त्यांचा सल्ला विचारत. आता वाटतं, माणसाला एवढ्या एकाच जागी मान मिळत असेल तर तो त्या जागेसाठी घरच्यांनाही चिरडून टाकतो. तेव्हा मला फक्त एवढंच कळायचं, की बाबांच्या शनिवारच्या आड यायचं नाही.

रेंज तासा-दीड तासावर, शेतांच्या मधोमध होती. तिथे डोनल नावाचे एक गृहस्थ होते, सत्तरीचे, पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. रेंजच्या एका खोलीत स्वतःची काडतुसं स्वतः भरायची परवानगी होती आणि ती खोली डोनलच्या ताब्यात असायची. त्या देशात हे काम घरी करता येत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळात, डोनलच्या नजरेखालीच करायचं. विकतच्या काडतुसापेक्षा आपल्या हाताने मोजूनमापून भरलेलं काडतूस नेमाला चोख बसतं, असं बाबांचं म्हणणं. मला ते मदतनीस म्हणून नेत. मुलगा असता तर त्यालाही नेलं असतं का, कोण जाणे. माझी बोटं बारीक होती, म्हणून माझ्याकडे प्राइमर बसवायचं काम आलं.

प्राइमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असते ती मसुरीच्या डाळीएवढी टिकली. दिवाळीत मुलं खेळण्यातल्या पिस्तुलात टिकल्या फोडतात, तत्त्व तेच. पिन टिकलीवर आपटते, ठिणगी पडते, आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. झाडलेल्या पितळी पुंगळीतून जुनी टिकली काढायची, तिच्या खळग्यात साचलेली काजळी खरवडून साफ करायची आणि मग हातातल्या दांड्याच्या यंत्राने नवी टिकली दाबून बसवायची. ती तळाला टेकायला हवी. काजळी राहिली तर टिकली केसभर वर राहते. मग पिनेचा पहिला फटका तिला नुसता खाली ढकलण्यात वाया जातो आणि गोळी उडत नाही. बाबांच्या पिस्तुलात तर हा धोका दुप्पट, कारण चाप हलका लागावा म्हणून त्यांनी आतली स्प्रिंग मऊ करून घेतली होती. डोनलने त्यांना दोनदा बजावलं होतं, की इतक्या मऊ फटक्यावर भरवसा ठेवू नकोस. बाबा हसून म्हणाले होते की टिकली नीट बसली असेल तर फुंकरीनेही उडेल. म्हणून मला त्यांचा नियम होता, प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवायचं. "डोळा फसतो," ते म्हणायचे, "बोट खोटं बोलत नाही."

त्या वर्षी बाबा पन्नाशीला टेकले होते आणि परदेशातल्या एका सामन्यासाठी तिघांची निवड व्हायची होती. बाबांचा नंबर तीन-चारच्या मध्ये लटकत होता आणि शेवटची चाचणी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी होती. तिच्यासाठीची काडतुसं भरायला डोनलने जो दिवस दिला तो नेमका खंडेनवमीचा निघाला. आईने कॅलेंडरात पाहिलं आणि ती हातातलं पीठ झटकून म्हणाली की त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. आईच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या आबांचा, हडपसरला लेथचा छोटा कारखाना होता. खंडेनवमीला तिथे सगळी यंत्रं धुऊनपुसून, तेलपाणी करून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून बंद ठेवत. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस सुट्टी, असं आबा म्हणत. आई त्या कारखान्यात लहानाची मोठी झाली होती; तिला लेथचा नुसता आवाज ऐकून पट्टा सैल झालाय की नाही ते कळायचं. पण आयर्लंडमध्ये तिच्या या ज्ञानाला कोणी विचारत नव्हतं. तिथे ती फक्त डबेवाल्या वहिनी होती.

बाबा म्हणाले, दिवस बदलून मिळणार नाही. शेवटी तोड अशी निघाली की आईने रेंजवर येऊन यंत्राची पूजा करावी आणि मग आम्ही काम करावं. बाबांना ही कल्पना आवडली असावी. आपल्याकडे शस्त्रांची पूजा करतात, हे क्लबातल्या लोकांना दाखवायला मिळणार होतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या वयात बाहेर आईशी मराठीत बोलायचंसुद्धा टाळायचे. ती दुकानात मोठ्याने मला 'मनू' अशी हाक मारायची तेव्हा मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहायचे. ही लाज मला कोणी शिकवली नव्हती. ती माझी मीच कमावली होती.

आई मोरपंखी काठाची साडी नेसून, वरून जाड जॅकेट घालून आली. ताटात हळदकुंकू, अक्षता, तांब्याची छोटी लोटी, झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती आणि घरी केलेले पेढे. तिने भरायच्या यंत्राच्या दांड्याला कुंकवाचं बोट लावलं, हळद लावली, फूल ठेवलं, फुलानेच दोन थेंब पाणी शिंपडलं. डोनल टोपी काढून हातात धरून उभे होते. आईने त्यांना पेढा दिला आणि विचारून त्यांच्या कपाळालाही कुंकू लावलं, तेव्हा ते लहान मुलासारखे वाकले. पण दारात क्लबातली दोन तरुण मुलं येऊन उभी राहिली होती. त्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, यानं गोळी सरळ जाते का? दुसरा हसला. त्यांच्या हसण्यात फारसं विष नव्हतं, हे आज कळतं. त्या दिवशी माझे कान पेटले. आई मला म्हणाली, "मनू, तू पण नमस्कार कर." मी इंग्रजीत उत्तर दिलं की मला काम आहे, आणि पाठ फिरवून बसले. आई ताट झाकून गाडीत जाऊन बसली आणि आमचं काम संपेपर्यंत तिथेच बसून राहिली.

दोनशे पुंगळ्या होत्या. दीडशे मी नीट केल्या, प्रत्येक खळगा खरवडून, बोट फिरवून. मग पाच वाजत आले. साडेसातला मैत्रिणी मला घरी न्यायला येणार होत्या, सिनेमाला जायचं होतं. त्यात डोक्यात ते हसणं घुमत होतं. शेवटच्या पन्नासांचे खळगे मी खरवडलेच नाहीत. तशाच टिकल्या दाबत सुटले. सवयीने बोट फिरवलं आणि काहींच्या बुडाला बारीकसा उंचवटा लागला. लागला होता, मला कळला होता. बोट खोटं बोललं नव्हतं. मी तो ट्रे तसाच बाबांपुढे सरकवला. त्यांनी विचारलं, सगळं बघितलंस ना? मी हो म्हणाले.

चाचणीच्या दिवशी आई घरीच राहिली, चकल्यांची भाजणी मळायची होती. बाबांनी पहिल्या चार फैरी चोख मारल्या. दोन नंबर पक्का होता. शेवटच्या फैरीत निशाणाची फळी काही सेकंदच दिसते आणि तेवढ्यात गोळी सुटावी लागते. पहिल्या काडतुसालाच 'टक्' झालं. रोज सकाळी ऐकते तोच आवाज, पण इतका भयंकर मला कधी वाटला नव्हता. बाबांनी पिस्तूल समोरच रोखून धरलं, डावा हात वर केला, पंचांनी येऊन काडतूस काढून बाजूला ठेवलं. त्या चाचणीचा नियम साधा होता: काडतूस स्वतः भरलेलं, तर चूकही स्वतःची, पुन्हा संधी नाही. चौथ्याला परत टक्. सातव्याला परत. बाबांच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. ते चौथे आले. तीन नंबरवाल्याशी हात मिळवताना त्यांनी चेहरा हलू दिला नाही. मग माझ्याजवळ येऊन मराठीत, अगदी हळू म्हणाले, "पाणी शिंपडलं ना तिनं. टिकल्या भिजल्या." आणि बॅग घेऊन गाडीकडे गेले.

मी तिथेच उभी होते. डोनलने ती तीन काडतुसं हातात घेऊन उलटी धरली, अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. बाबांचं बोलणं आणि बोटांनी पाणी शिंपडल्याची खूण त्यांनी लांबून पाहिली होती. शब्द कळले नसले तरी रोख कळला असावा, कारण त्यांनी विचारलं की तुझ्या बाबांना काय वाटतंय, पाणी? मी मान हलवली. त्यांनी स्वतःचं पिस्तूल घेतलं, त्याच जातीचं पण कडक स्प्रिंगचं, आणि रेंज मोकळी आहे असं पाहून ती तीन काडतुसं त्यातून झाडली. ठो, ठो, ठो. तिन्ही उडाली. बाबांनी गाडीपाशी ते बार ऐकले असतील. पण रेंजवर बार होतच असतात. मग डोनलने मला समजावलं. पाण्याने मेलेली टिकली दुसऱ्या फटक्याला जिवंत होत नाही. वर राहिलेली मात्र पहिल्या फटक्याला बसते आणि दुसऱ्याला उडते. शिवाय तुझ्या आईने फूल यंत्राच्या दांड्यावर फिरवलं होतं, टिकल्यांचे डबे तेव्हा माझ्या कपाटात कुलुपात होते, ते म्हणाले. ते रागावले नाहीत. असं प्रत्येकाच्या हातून एकदा होतं, मीच जातीने येऊन सांगितलं असतं, पण हे तुझ्या तोंडून गेलेलं बरं, असं म्हणाले. "टेल हिम टुनाइट, लव्ह."

गाडीत दीड तास होता. प्रत्येक गावाच्या पाटीपाशी मी ठरवायचे, पुढच्या गावापर्यंत सांगते. बाबा एकदाच बोलले. म्हणाले, तू एवढी मेहनत घेतलीस गं, आणि बघ. त्यांच्या तोंडून माझ्या मेहनतीचं कौतुक मी पहिल्यांदा ऐकत होते. खरं लिहायचं म्हणून बसले आहे तर लिहितेच: मी नुसती घाबरून गप्प बसले नाही. मला बरं वाटत होतं. बाबा माझ्या बाजूला होते आणि त्या ताटाचा, त्या साडीचा, त्या हाकेचा परस्पर सूड निघत होता.

आई चकल्या तळत होती. घरभर भाजणीचा खमंग वास होता आणि ओट्यावर कागदावर चकल्यांची पहिली रास पडली होती. तिने आमचे चेहरे पाहून झारा खाली ठेवला. बाबांनी बॅग ठेवली, बूटही काढले नाहीत. "तुझ्या कुंकवानं माझं वाटोळं केलं," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर तमाशा केलास, आणि माझ्या टिकल्या भिजवल्यास." आई म्हणाली, "अहो, मी दांड्यालाच लावलं." बाबा म्हणाले, "मनूला विचार." आईने माझ्याकडे पाहिलं. कढईत एक चकली करपत होती, तिचा धूर यायला लागला होता. मी म्हणाले, "आय डोन्ट नो. देअर वॉज वॉटर." एवढंच म्हणाले मी. आईने गॅस बंद केला, करपलेली चकली काढून बाजूला ठेवली आणि हात पुसत राहिली, ते पुसून झाल्यावरही.

आमच्याकडे देव स्वयंपाकघरातल्या एका प्रेसमध्ये होते. तिथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी मी चहाची भुकटी काढायला गेले तर त्या प्रेसमध्ये डाळींचे डबे लावलेले होते. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, घंटा, निरांजन, सगळं आईने एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवून दिलं होतं. दिवाळीला दिवा लागला नाही. चूक आईची नव्हती हे बाबांना माहीत नव्हतं. ते मला एकटीला माहीत होतं. आईने कुंकू लावणंही सोडलं. मराठी मंडळाच्या बायका विचारत तेव्हा त्वचेला त्रास होतो असं सांगायची. पोळ्या मात्र चालू राहिल्या, सकाळचं टक् चालू राहिलं. बाबांनी स्प्रिंग गुपचूप कडक करून घेतली, हे मला नंतर कळलं. म्हणजे त्यांनाही शंका आली होतीच. पण घरी येऊन ते बोलले नाहीत. दोघे गुन्हेगार सुटलो आणि जिने काही केलं नव्हतं ती शिक्षा भोगत राहिली.

कुणाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीने काय होतं. पण घर अशाच गोष्टींनी मोडतं. आई मला रागावली असती तर मी कधीतरी रडून सांगून टाकलं असतं. ती रागावली नाही. डबा भरून द्यायची, जेवलीस का विचारायची, आणि मला मनू म्हणणं तिने बंद केलं. पूर्ण नावाने, मनीषा म्हणून हाक मारायला लागली. बाहेर तर मी हेच मागत होते. मिळालं. मी नोकरीला लागून आधी वॉटरफर्डला आणि मग आणखी लांब गेले, फोन कमी झाले आणि बोलणं हवापाण्यापुरतं उरलं.

बाबा गेले त्यानंतर पिस्तूल परत करायची कागदपत्रं करायला मी घरी गेले होते. मी आईच्या त्या वेळच्या वयाला पोचले होते. परवाना, कुलपाची किल्ली, सगळं टेबलावर मांडलं होतं आणि समोर आई पोळपाटावर शेवटची पोळी लाटत होती. पिस्तूल बॅगेत घालताना नकळत चाप ओढला गेला. टक्. आईचं लाटणं थांबलं. तेव्हा इतकी वर्षं न सांगितलेलं माझ्या तोंडून निघालं. मी म्हणाले, आई, ते पाणी नव्हतं. मी खळगे साफ केले नव्हते.

आईने पोळी तव्यावर टाकली. "माहीत आहे," ती म्हणाली.

मी विचारलं, कधीपासून. तर म्हणाली, "मी कारखान्यात वाढलेली बाई. उघड्या डब्यावर पाणी शिंपडीन का मी? आणि नाताळच्या आधी तो डोनल भेटला दुकानात. म्हणाला, पोरीनं सांगितलं ना घरी?"

मी विचारलं की मग तू बाबांना का नाही सांगितलंस. तिने पोळी उलटली, कडा दाबली. "मी सांगून काय होणार होतं? त्यांनी मला नाही विचारलं, तुला विचारलं होतं. तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

"मग?"

"मग सोडून दिली वाट बघायची."

तिने हे आवाज न चढवता सांगितलं, एखादी खोली आवरून झाल्याचं सांगावं तसं. मी तिचे पाय धरायला हवे होते. मी किल्ली हातात फिरवत बसले. वरून एक विमान गेलं, खिडकीची काच थरथरली. मग आईने पोळी डब्यात ठेवली, गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे न बघता, घरी आलेल्या पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, "साखर घालू ना चहात?"

साखर सोडून मला पंधरा वर्षं झाली होती. मी हो म्हणाले.